बिनतारी संदेशाचा प्रवर्तक मार्कोनी

आपल्या विद्यानगरातील कोणत्याही चार मजली इमारतीत भ्रमणध्वनी उघडला, की वाय-फायच्या दहा-पंधरा जाळ्यांची नावे एकाखाली एक झळकू लागतात. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, खालचा वाणी, समोरची शिकवणी, सर्वांचे संदेश एकाच अवकाशातून एकाच वेळी जात असतात, आणि तरीही सहसा कोणाचा संदेश कोणात मिसळत नाही. निरनिराळ्या कारखान्यांत घडलेली यंत्रे एकमेकांची भाषा समजतात. बहुतेक नावांपुढे कुलपाचे एक लहानसे चिन्हही असते. वाट, भाषा आणि कुलूप या तीन गोष्टी आज आपण गृहीत धरून चालतो. परंतु त्यांच्यासाठी प्रथम झगडा झाला तो सव्वाशे वर्षांपूर्वी, आणि तो बव्हंशी एकाच पुरुषाच्या आयुष्यात झाला. त्या पुरुषाचे नाव गुल्येल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या नगरीत झाला. वडील जिउझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील व्हिस्कीच्या धंद्यात नाव कमावलेल्या घराण्यातील कन्या. मुलाचे शालेय शिक्षण तुटकतुटक झाले आणि विद्यापीठाची दारे त्याला उघडली नाहीत. मात्र आईमुळे इंग्रजी भाषा त्याच्या जिभेवर खेळत होती, आणि बोलोन्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ऑगुस्तो रीगी यांचा शेजार त्याला लाभला होता. या दोन गोष्टींनी पुढे त्याला पदवीहून अधिक दिले, असे आम्हांस वाटते.

विद्युच्चुंबकीय लहरी असल्याच पाहिजेत, असे मॅक्सवेलने गणिताने सांगून ठेवले होते. जर्मनीच्या हाइन्रिख हर्ट्झने १८८८ च्या सुमारास त्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्या. १ जानेवारी १८९४ रोजी वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ निवर्तला. रीगी यांनी लिहिलेला मृत्युलेख वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या मनात विचार आला, की या लहरींवर तारायंत्राचे टिंब आणि रेघ का बसवू नयेत? पोंतेक्यो गावातील घराच्या माळ्यावर त्याने प्रयोगास आरंभ केला. ठिणगी पाडणारे यंत्र हर्ट्झचे होते. धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी, जी लहर येताच विजेस वाट देते, ती फ्रान्सच्या ब्रान्लीची आणि इंग्लंडच्या लॉजची. मार्कोनीने यंत्राचे एक टोक उंच तारेस व दुसरे जमिनीस जोडून पाहिले, आणि संदेशाचा पल्ला एकदम वाढला. १८९५ मध्ये सुमारे दोन किलोमीटर अंतरावर, मधल्या टेकडीच्या पलीकडे संदेश पोहोचला. तो पोहोचल्याची खूण म्हणून थोरला भाऊ आल्फोन्सो याने बंदुकीचा बार काढला. सुटे भाग दुसऱ्यांचे आणि जुळणी त्याची, अशी टीका पुढे त्याच्यावर पुष्कळ झाली. ती खोटी नव्हती. पण टेकडी ओलांडून संदेश नेण्याची जिद्द त्याचीच होती, हेही तितकेच खरे.

१८९६ च्या फेब्रुवारीत आईसह तो इंग्लंडला गेला. तेथील टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यास आश्रय दिला. २ जून १८९६ रोजी त्याने एकस्वासाठी अर्ज केला, पुढल्या वर्षी ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश धाडला, त्याच वर्षी कंपनी काढली, आणि १८९९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्र बिनतारी संदेशाने ओलांडला.

येथेच पहिली अडचण उभी राहिली. ठिणगीची लहर ही ढोलाच्या आवाजासारखी असते. तिच्यात एक शुद्ध स्वर नसून अनेक स्वरांची गर्दी असते. एक ढोल वाजत असता दुसरा वाजू लागला, की दोहोंतील एकही नीट ऐकू येत नाही. शेजारी शेजारी दोन केंद्रे चालवायची कशी? सतारीच्या तरफा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना यावरील उपाय सहज उमगेल. वरची तार छेडली असता खालच्या तरफांपैकी जी त्या स्वरात मिळविलेली असेल तीच झणकारते, बाकीच्या स्वस्थ राहतात. प्रेषक यंत्र एका कंपनसंख्येवर मिळवावे व ग्राहक यंत्रही त्याच कंपनसंख्येवर मिळवावे, म्हणजे एकाच एरियलवर दोन निरनिराळे संदेश घेता येतील, असे मार्कोनीने करून दाखविले. २६ एप्रिल १९०० रोजी अर्ज केलेले हे ब्रिटिश एकस्व ७७७७ क्रमांकाचे म्हणून ‘चार सातांचे एकस्व’ या नावाने प्रसिद्धी पावले. ऑलिव्हर लॉज यांनी अशी युक्ती १८९७ मध्येच नोंदविली होती. मार्कोनीच्या कंपनीला १९११ मध्ये ते एकस्व विकत घ्यावे लागले. पुढे २१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या आधीच्या कामाकडे बोट दाखवून या विषयावरील मार्कोनीच्या अमेरिकन एकस्वातील प्रमुख दावे रद्द केले. तो निकाल ऐकावयास मार्कोनी जिवंत नव्हता.

लहरींच्या वाटा कशा मोजतात हे येथेच सांगून टाकणे बरे. लहरीची लांबी मीटरमध्ये घ्यावी व दर सेकंदाची कंपने हजारांत, म्हणजे किलोहर्ट्झमध्ये, घ्यावी. दोहोंचा गुणाकार नेहमी सुमारे तीन लाख येतो. लहर जितकी लांब, तितकी कंपने कमी. आकाशवाणीचे हैदराबाद केंद्र ज्या ७३८ किलोहर्ट्झवर आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, तिची लहर सुमारे चारशे सहा मीटर लांब भरते. वाय-फायची लहर तिच्यापुढे बोटभर म्हटली तरी चालेल: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा सेंटिमीटर. यांपैकी पहिला पट्टा भिंतीतून बरा जातो, दुरवर पोहोचतो, परंतु तेथे गर्दी फार. १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तो उद्योगधंद्यांतील विद्युत् उपकरणांसाठी सोडून दिला गेला. म्हणून स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात गुणगुणते. भारत सरकारने २००५ मध्ये हा पट्टा परवान्यावाचून वापरण्यास मोकळा केला. त्यात तेरा वाहिन्या आहेत, पण त्यांची अंतरे पाच-पाच मेगाहर्ट्झची आणि प्रत्येक वाहिनीचा फुगवटा सुमारे वीस मेगाहर्ट्झचा, त्यामुळे एकमेकींच्या अंगणात न शिरणाऱ्या अशा तीनच, पहिली, सहावी व अकरावी, एका वेळी निवडता येतात. इमारतीतल्या साऱ्या बिऱ्हाडांनी एकच वाहिनी धरली, की मार्कोनीच्या काळचे ढोल पुन्हा वाजू लागतात. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ आहेत, पण जाड भिंत मध्ये आली की लहर थकते.

आखूड लहरींचा विषय निघाला असता जगदीशचंद्र बसू यांचे स्मरण न करणे अन्यायाचे होईल. मार्कोनी टेकडीपलीकडे संदेश धाडीत होता त्याच १८९५ साली बसू यांनी कलकत्त्यास भिंतीपलीकडून घंटा वाजवून व दारू उडवून दाखविली. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. त्यांना लहरींचे गुणधर्म अभ्यासावयाचे होते. मार्कोनीला पल्ला हवा होता, म्हणून तो लांब लहरींकडे वळला. त्या क्षणी व्यवहारात मार्कोनीची निवड योग्य ठरली. तथापि बसू यांच्या पाच मिलिमीटर लहरीचा, म्हणजे साठ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१२ मध्ये वाय-फायच्याच एका प्रमाणकात समाविष्ट झाला. खोलीबाहेर जवळजवळ न जाणारी ती लहर खोलीच्या आत मात्र प्रचंड माहिती वाहून नेते.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर होता. वादळी वाऱ्यात पतंगाने एरियलची तार वर नेली होती. सुमारे ३,४०० किलोमीटर दूर असलेल्या कॉर्नवॉलमधील पोल्धू केंद्रातून एस या अक्षराची तीन टिंबे पुनःपुन्हा धाडली जात होती, आणि ती ऐकल्याचे मार्कोनीने व त्याचा सहायक केम्प याने सांगितले. छापील पट्टीवर नोंद नव्हती, तिसरा साक्षीदार नव्हता. ती टिंबे खरोखर ऐकली की वातावरणातील खरखर होती, हा वाद आजही मिटलेला नाही. परंतु १९०२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया या जहाजावर त्याने पट्टीवर नोंदी घेतल्या आणि रात्री दोन हजार मैलांहून अधिक अंतरावर संदेश मिळत असल्याचे दाखविले. दिवसा मात्र पल्ला सातशे मैलांवर येई. पृथ्वी गोल असता लहर वळते कशी, हे त्याला ठाऊक नव्हते. उंच वातावरणातील विद्युद्भारित थर तिला परत फेकतो, ही गोष्ट इंग्लंडच्या ॲपलटनने १९२४ मध्ये सिद्ध केली.

आता कुलपाची गोष्ट. स्वर जुळविल्यामुळे आपला संदेश इतर कोणी ऐकू शकणार नाही, असा मार्कोनीच्या कंपनीचा दावा होता. समुद्रातील तारांवर ज्यांचा धंदा चालत असे त्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीने नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या एका जादूगाराला कामास लावले. हा जादूगार बिनतारी विद्येतही जाणकार होता. पोल्धूजवळ एक उंच खांब उभारून तो मार्कोनीचे जहाजांना जाणारे संदेश खुशाल वाचीत बसला. इतक्यावर भागले नाही. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग हे मार्कोनीच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवीत होते. दूर पोल्धूहून संदेश यावयाचा होता. तो येण्यापूर्वीच ग्राहक यंत्र टकटकू लागले आणि उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हा उमटला. त्यामागोमाग एका इटालियन तरुणाची टवाळी करणाऱ्या ओळी आल्या. जवळच्याच एका ठिकाणाहून मॅस्केलिनने हा उपद्व्याप केला होता. फ्लेमिंग यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून संताप व्यक्त केला. मॅस्केलिनने आपले नाव लपविले नाही. दाव्यातील पोकळपणा लोकांपुढे आणणे हे आपले कर्तव्यच होते, असे त्याचे म्हणणे पडले.

प्रकार अशिष्ट होता, पण आमच्या मते त्यात शिकण्यासारखे फार होते. स्वर जुळविणे म्हणजे वाट वेगळी करणे. त्याने गोंधळ टळतो. परंतु तो स्वर दुसऱ्यानेही जुळविला तर त्याला सारे ऐकू येते, इतकेच नव्हे तर त्याला मध्ये बोलताही येते. अवकाशात सोडलेला संदेश सर्वांच्याच दारात पडतो. तो वाचता येऊ नये असे वाटत असेल तर तो गूढलिपीतच लिहिला पाहिजे. ही गोष्ट १९०३ मध्ये उघड झाली, तरी वाय-फायच्या कर्त्यांनाही ती पुन्हा एकदा ठेच लागूनच कळली. १९९७ च्या पहिल्या प्रमाणकात डब्ल्यूईपी नावाचे एक कुलूप होते. २००१ मध्ये फ्लूरर, मान्टिन व शमीर या तिघांनी त्यातील किल्ली घडविण्याच्या रीतीतच दोष असल्याचे दाखविले, आणि थोड्याच वर्षांत ते कुलूप काही मिनिटांत उघडता येऊ लागले. त्याच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. घरच्या राउटरवर यांतील शेवटची दोन सोडून दुसरे काही लावलेले असेल तर ते बदलावे. कारखान्यातून आलेला संकेतशब्द तसाच ठेवू नये. कित्येक जण जाळ्याचे नाव लपवितात व निश्चिंत होतात. ती मार्कोनीच्याच दाव्याची नवी आवृत्ती होय. दारावरची पाटी काढल्याने दाराला कडी बसत नाही.

तिसरा झगडा भाषेचा, आणि येथे मार्कोनीची बाजू घेणे आम्हांस कठीण जाते. त्याची कंपनी जहाजांना यंत्रे विकत नसे, भाड्याने देई, आणि ती चालविणारा मनुष्यही कंपनीचाच असे. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेल्या संदेशास उत्तर द्यावयाचे नाही, असा नियम त्याला घालून दिलेला होता. १९०२ च्या मार्चमध्ये प्रशियाचा राजपुत्र हाइन्रिख अमेरिकेहून जर्मन जहाजाने परतत होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश धाडण्याचे त्याच्या मनात होते. जहाजावरचे यंत्र जर्मन होते. किनाऱ्यावरील मार्कोनी केंद्राने संदेश घेतला नाही. जर्मनीच्या पुढाकाराने १९०३ मध्ये बर्लिन येथे प्रमुख राष्ट्रांची बैठक भरली, तेव्हा ब्रिटन व इटली यांनी सही करण्याचे टाळले. १९०६ च्या दुसऱ्या बर्लिन परिषदेत मात्र करार झाला. यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्याने व जहाजाने एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत. सार्वजनिक संदेशांसाठी ३०० व ६०० मीटरच्या लहरी. संकटसमयी एसओएस ही एकच खूण, असे त्यात ठरले. १ जुलै १९०८ पासून हा करार अमलात आला.

मार्कोनीच्या कंपनीने केंद्रांवर पैसा ओतला होता आणि त्या केंद्रांचा फुकट लाभ प्रतिस्पर्ध्यांना का द्यावा, हा तिचा प्रश्न होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो गैर नव्हता. परंतु समुद्रात बुडणाऱ्याला कंपनीचे नाव विचारून हात देता येत नाही. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हे जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील फिलिप्स व ब्राइड हे दोघे बिनतारी कारकून मार्कोनी कंपनीचेच होते. त्यांच्या हाकेस ओ देऊन कार्पेथिया धावून आले आणि सुमारे सातशे जीव वाचले, पंधराशेच्या आसपास गेले. कॅलिफोर्नियन नावाचे जहाज याहून कितीतरी जवळ होते. त्यावरच्या कारकुनाने बर्फाची सूचना देण्याचा प्रयत्न केला होता. पण जवळून आलेल्या त्याच्या दणदणीत ठिणगीने टायटॅनिकचे चाललेले काम बुडाले म्हणून त्याला गप्प बसविण्यात आले होते. थोड्या वेळाने यंत्र बंद करून तो निजला. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेने नियम अधिक कडक केले, आणि मोठ्या जहाजांवर अहोरात्र पहारा असावा हे १९१४ च्या करारात आले.

वाय-फायच्या बाबतीतही प्रथम हीच तऱ्हा होती. एका कंपनीचा बिनतारी संगणक दुसरीच्या यंत्राशी बोलत नसे. १९९७ मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे प्रमाणक ठरविले, आणि १९९९ मध्ये कारखानदारांनीच एक संघ स्थापून परस्परांशी बोलू शकणाऱ्या यंत्रांवर खूण करण्यास प्रारंभ केला. या वेळी कोणास बुडावे लागले नाही.

१९०९ मध्ये मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. पहिल्या महायुद्धानंतर त्याने एलेत्रा नावाची नौका घेतली व तिच्यावरच तरंगती प्रयोगशाळा थाटली. आतापर्यंत सारे जग मानीत होते, की दूर पोहोचावयाचे तर लहर हजारो मीटर लांब पाहिजे. मार्कोनी स्वतःही वीस वर्षे तेच मानीत आला होता. १९२३ व १९२४ मध्ये, फ्रँक्लिन या आपल्या अभियंत्याच्या साहाय्याने, त्याने शंभर मीटरांहून आखूड लहरी वापरून पाहिल्या आणि त्या थोड्या शक्तीवर पृथ्वीच्या पाठीवर कोठेही पोहोचतात असे त्याला आढळले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपलाच सिद्धान्त असा मोडीत काढणे ही सोपी गोष्ट नव्हे. लहर आखूड असल्याने तारांच्या पडद्याने ती कंदिलाच्या झोताप्रमाणे एकाच दिशेस वळविताही येई.

हा झोत महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन पडला. १९२७ मध्ये हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान मार्कोनीच्या झोतपद्धतीने बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश धाडणारे केंद्र पुण्याजवळ खडकीस, घेणारे केंद्र दौंडास; पलीकडे इंग्लंडमध्ये तशीच जोडी ग्रिम्सबी व स्केगनेस येथे. खडकी आणि दौंड यांत सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर का ठेवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे: स्वतःच्या मोठ्या आवाजाने स्वतःचाच कान बधिर होऊ नये म्हणून. समुद्रतळीच्या तारांपेक्षा ही सेवा इतकी स्वस्त पडली, की तारकंपन्यांचे धाबे दणाणले आणि १९२९ मध्ये त्यांना मार्कोनी कंपनीच्या संदेशसेवेशी एकत्र यावे लागले. पूर्वी ज्यांनी जादूगार लावला होता तेच आता भागीदार झाले! आपल्याकडील कंपनी १ जानेवारी १९४७ रोजी सरकारच्या ताब्यात आली व तिचे परदेश दळणवळण सेवा हे खाते झाले. हैदराबादेत बिनतारी विद्या घरोघर पोहोचली ती १९३५ च्या सुमारास, निजाम सरकारच्या डेक्कन रेडिओच्या रूपाने. १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीत विलीन झाले.

मार्कोनीचा उत्तरकाळ सर्वस्वी उज्ज्वल नव्हता. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला, १९२९ मध्ये मार्क्वीस झाला, १९३० मध्ये इटलीच्या राजकीय अकादमीचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले. ज्या विद्येने सीमा पुसल्या तिच्या प्रवर्तकाने अशा राजवटीची पाठराखण करावी, याचे वाईट वाटते. मात्र त्याचे संशोधन थांबले नव्हते. १९३१ मध्ये त्याने व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारले, आणि लगेच सुमारे साठ सेंटिमीटरच्या लहरीने व्हॅटिकन व पोपमहाशयांचा कास्तेल गांदोल्फो येथील उन्हाळी वाडा जोडून दिला. अर्ध्या मीटरपर्यंत खाली आलेली ही लहर आपल्या वाय-फायच्या लहरीपासून फार दूर नाही.

हृदयविकाराने तो काही वर्षे बेजार होता. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे पहाटे त्याचे निधन झाले. ब्रिटिश टपाल खात्याची सर्व बिनतारी केंद्रे त्या निमित्ताने दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.